दोष डिस्कचा की कंट्रोलरचा?

हार्ड डिस्क आणि संगणकाची मेमरी यांच्यामधल्या मध्यस्थाला डिस्क कंट्रोलर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमने ‘अमुक क्रमांकापासूनचे इतके सेक्टर वाच आणि मेमरीत अमुक जागी आणून ठेव’ एवढेच सांगायचे असते. तो हुकूम डिस्ककडे पोचवणे, आलेले बाइट मेमरीत उतरवणे, वाटेत काही बिघडले तर ते ओळखणे आणि काम उरकले की इंटरप्ट देऊन प्रोसेसरला कळवणे, ही सगळी ने-आण कंट्रोलर करतो. काम सुरळीत चालते तेव्हा तो कोणाच्या ध्यानात येत नाही. बिघडल्यावरही चटकन येत नाही, कारण लिनक्सवर वाचन फसले की पडद्यावर नाव उमटते ते ‘एसडीए’ किंवा ‘एसडीबी’ या डिस्कचे. कंट्रोलर, केबल, वीजजोडणी यांचा त्या ओळीत पत्ताही नसतो. मग चांगली डिस्क बाद ठरते, नवी डिस्क त्याच केबलवर आणि त्याच पोर्टवर चढते आणि थोड्याच दिवसांत तीच ओळ पुन्हा दिसू लागते.

ही चूक किती सहज होते याचा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. इलिनॉय विद्यापीठ आणि नेटॲप कंपनीतील संशोधकांनी सुमारे ३९,००० साठवण-यंत्रणांच्या ४४ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांत मिळून १८ लाख डिस्क होत्या. यंत्रणेच्या प्रकारानुसार साठवणीतील बिघाडांपैकी २० ते ५५ टक्के बिघाड डिस्कचे निघाले, तर २७ ते ६८ टक्के बिघाड जोडणीच्या साखळीतले, म्हणजे केबल, कनेक्टर, ॲडॅप्टर यांसारख्या भागांतले होते. त्या मोठ्या, व्यावसायिक यंत्रणा होत्या. घरच्या किंवा छोट्या कार्यालयातल्या संगणकाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी ज्याचे नाव दिसते त्यालाच दोषी धरू नये, एवढे त्यांवरून नक्की कळते.

‘कंट्रोलर’ हा शब्द आज जरा सैलपणे वापरला जातो, आणि तपासणीत त्यामुळे गोंधळ होतो. १९८०च्या सुमारास आलेल्या सीगेटच्या एसटी-५०६ या ५ मेगाबाइटच्या डिस्कला स्वतःची बुद्धी जवळजवळ नव्हतीच. एका केबलमधून हुकूम जायचे आणि दुसरीतून चुंबकीय स्पंद कच्च्या रूपात बाहेर यायचे. त्या स्पंदांचे बिट करण्याचे काम संगणकात खोचलेले वेगळे कार्ड करी. एका कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या जातीच्या कार्डावर बहुधा वाचता येत नसे. १९८६च्या आसपास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कॉनर या कंपन्यांच्या कामातून आयडीई पद्धत आली आणि खरा कंट्रोलर डिस्कच्या पाठीवरच्या हिरव्या पट्टीवर जाऊन बसला. मदरबोर्डवर जे उरले ते हुकूम पुढे ढकलणारे दार. आपण आज ज्याला कंट्रोलर म्हणतो ते हेच दार. साखळीच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉनिक्स असते आणि दोन्हीकडे बिघाड होऊ शकतो, हे लक्षात ठेवले की पुढच्या बऱ्याच नोंदींचा अर्थ आपोआप लागतो.

काही कंट्रोलर जन्मतःच सदोष असतात. १९९५ साली सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या दोन आयडीई चिपमधील दोष उघड झाले. पहिलीच्या दोन्ही चॅनलना एकाच वेळी काम दिले की माहिती बिघडे, आणि पुढचे आधीच वाचून ठेवण्याची दोन्हींची सोय माहितीत भेसळ करी. २००१ मध्ये व्हीआयएच्या ६८६बी चिपबद्दल अशाच तक्रारी आल्या. मोठ्या फाइलींची नक्कल करताना काही बाइट बदलत आणि त्रुटीची सूचना मात्र कुठेच उमटत नसे. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमधला दोष स्वतः जाहीर केला. त्यातले ३ गिगाबिट वेगाचे साटा पोर्ट, म्हणजे क्रमांक २ ते ५, काळाच्या ओघात कमजोर होत जाणार होते. ६ गिगाबिटचे ० आणि १ हे पोर्ट ठीक होते. दुरुस्ती आणि बदली यांसाठी कंपनीने तेव्हा ७० कोटी डॉलर खर्चाचा अंदाज दिला. अशा संगणकावर डिस्क कितीही वेळा बदलली तरी उपयोग नव्हता, आणि तीच डिस्क पोर्ट ० वर लावली की सगळे सुरळीत चाले. लिनक्सचा कर्नेल अशा चिपच्या खोडी वर्षानुवर्षे टिपत आला आहे. बूट होताना तो चिप ओळखतो आणि तिच्याकरिता आवश्यक ती पळवाट आपणहून लावतो. ठरावीक डिस्कची ठरावीक वैशिष्ट्ये बंद ठेवण्याची यादीसुद्धा ड्रायव्हरमध्येच आहे. म्हणून कर्नेल अद्ययावत करणे हा इथे खराखुरा उपाय ठरतो.

तपासाची सुरुवात ओळखीपासून करावी. ‘एलएसपीसीआय’ हा आदेश पीसीआय बसवरील उपकरणांची यादी देतो. त्याला एनएन हा पर्याय जोडला तर प्रत्येकाचा निर्माता-क्रमांक आणि उपकरण-क्रमांकही दिसतो, उदाहरणार्थ इंटेलचा ८०८६. के हा पर्याय जोडला तर त्या चिपला कोणता ड्रायव्हर लागला आहे ते कळते. साटा कंट्रोलरसमोर बहुतेकदा ‘एएचसीआय’ असे लिहिलेले असते. हा इंटेलच्या पुढाकाराने २००४ साली आलेला समान ठरावसंच असल्यामुळे बहुतेक कंपन्यांच्या चिप एकाच ड्रायव्हरवर चालतात. यादीत चिप आहे पण तिच्यासमोर ड्रायव्हर नाही, म्हणजे कर्नेलमध्ये तो मॉड्यूल नाही किंवा चढलेला नाही. यादीत चिपच नाही, म्हणजे ती बायॉसमध्ये बंद केलेली आहे, कार्ड नीट बसलेले नाही किंवा मेलेले आहे. फ्रीबीएसडीवर हेच काम ‘पीसीआयकॉन्फ’ आणि ‘कॅमकंट्रोल’ करतात.

नावांतला बदलही कित्येकदा बिघाड भासतो. लिनक्सच्या जुन्या आयडीई ड्रायव्हरमध्ये डिस्कला ‘एचडीए’ म्हणत. जेफ गार्झिक यांच्या ‘लिबएटीए’ने ते काम हाती घेतल्यावर सगळ्या डिस्क ‘एसडीए’ या मालिकेत आल्या, आणि २०२१च्या ५.१४ आवृत्तीत जुना ड्रायव्हर काढूनच टाकला गेला. फ्रीबीएसडीच्या ९.० आवृत्तीत ‘एडी’चे ‘एडीए’ झाले. जुन्या नावांवर लिहिलेली माउंटची यादी अद्ययावत केल्यानंतर बूट होत नाही तेव्हा कंट्रोलर निर्दोष असतो. यादीत डिस्कच्या नावाऐवजी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी लिहिला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

बूटच न होणाऱ्या संगणकावर कर्नेल मुळाच्या फाइल सिस्टिमसाठी अडून बसतो आणि ‘अननोन ब्लॉक’ असे म्हणून कंसात दोन आकडे देतो. ते ०,० असतील तर त्याला डिस्क सापडलेलीच नाही. अशा वेळी ड्रायव्हर, इनिटरामएफएस (बूट होताना मेमरीत चढणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) आणि बायॉस पाहावे. ते ८,१ असतील तर ८ हा एसडी मालिकेचा क्रमांक आणि १ हे पहिले विभाजन. म्हणजे कंट्रोलर आणि डिस्क दोन्ही भेटले आहेत, अडचण फाइल सिस्टिमपाशी आहे. मदरबोर्ड बदलल्यावर पहिला प्रकार फार घडतो, कारण इनिटरामएफएसमध्ये फक्त जुन्या कंट्रोलरचा मॉड्यूल भरलेला असतो. बायॉसमध्ये साटाची पद्धत आयडीई, एएचसीआय की रेड यांपैकी कोणती निवडली आहे तेही पाहावे. नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, त्यामागे अनेकदा इंटेलची आरएसटी ही पद्धत चालू असते. ती डिस्कला आपल्या आड ठेवते. मात्र त्या यंत्रावर विंडोजही असेल तर तिची तयारी न करता ही निवड बदलू नये, नाही तर ती उठणार नाही.

आता मुख्य साक्षीदाराकडे वळायचे, म्हणजे कर्नेलच्या नोंदींकडे. ‘डीमेसेज’ चालू सत्रातल्या नोंदी दाखवतो. संगणक गोठून बंद करावा लागला असेल तर ‘जर्नलसीटीएल’ला के आणि बी उणे १ हे पर्याय देऊन मागच्या सत्रातल्या नोंदी काढता येतात, पण त्या साठवण्याची व्यवस्था आधी केलेली असली पाहिजे. शिवाय नोंदी ज्या डिस्कवर लिहायच्या तीच अडकलेली असेल तर शेवटचे आणि सर्वांत मोलाचे शब्द लिहिलेच जात नाहीत. ज्या सर्व्हरवर वारंवार असे होते त्याच्या नोंदी जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची तजवीज करावी.

या नोंदींत डिस्कचे नाव ‘एटीए३.००’ अशा रूपात येते. ३ हा पोर्टचा क्रमांक, ०० हे त्या पोर्टवरचे पहिले उपकरण. हे पोर्ट एकपासून मोजले जातात, तर मदरबोर्डवर छापलेले क्रमांक बहुधा शून्यापासून असतात. या एका अंकाच्या फरकाने भलतीच केबल काढली जाते. ‘सिस’ या आभासी निर्देशिकेत एसडीएचा दुवा कुठे जातो ते पाहिले तर त्या मार्गातच एटीएचा क्रमांक असतो. त्यावरून जोडी लावावी आणि डिस्कवर छापलेल्या अनुक्रमांकाशी ती ताडून पाहावी.

त्रुटीच्या नोंदीत अनेक ओळी असतात. त्यांतली शेवटून दुसरी-तिसरी ओळ सर्वांत जास्त बोलकी असते. तिथे महिरपी कंसात ‘यूएनसी’ अशी अक्षरे असतील तर डिस्क स्वतः सांगते आहे की तबकडीवरचा तो सेक्टर दुरुस्तीच्या गणितानेही वाचता आला नाही. ही तक्रार डिस्कपर्यंत हुकूम जाऊन, तिचे उत्तर कंट्रोलरमार्गे धडधाकट परत आलेले आहे याची पावतीही आहे, म्हणून बाकीच्या साखळीवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. तिथे ‘आयसीआरसी’ असेल तर गोष्ट उलटी. केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यासोबत एक पडताळणीची संख्या जाते आणि पलीकडे ती जुळली नाही की हा शिक्का उमटतो. तबकडीचा यात काही संबंध नसतो. ‘रेस’पासून सुरू होणाऱ्या ओळीतला ‘ईमास्क’ हा सोळांच्या पायाचा आकडाही हेच सांगतो: त्यात ८ मिसळलेला असेल तर तबकडीचा दोष, १० असेल तर जोडणीचा, ४ असेल तर मुदतीत उत्तरच आले नाही.

‘एसएरर’ या शब्दापुढे यादी असते ती साटाच्या तारेवरची हालहवाल असते. ‘बॅडसीआरसी’, ‘डिस्पार’ किंवा ‘१०बी८बी’ ही नावे आली तर विद्युत-संकेत खराब होतो आहे. साटा आठ बिटांचे दहा बिट करून पाठवते, आणि तो उलटा हिशेब लागत नाही असे यातली शेवटची दोन नावे सांगतात. ‘फायरेडीचेंज’ किंवा ‘डेव्हएक्सचेंज’ येत असेल तर जोड तुटून पुन्हा लागतो आहे, म्हणजे कोणी डिस्क काढून परत खोचावी तसे. चालू संगणकात ही नोंद पुन्हा पुन्हा दिसली तर आधी वीजजोडणीकडे पाहावे. डिस्कची वीज क्षणभर गेली की कंट्रोलरच्या बाजूने नेमके असेच दिसते.

मुदत संपल्याची नोंद, म्हणजे टाइमआउट, ही सर्वांत फसवी. हुकूम गेला, उत्तर नाही. डिस्क खराब सेक्टरशी झगडत असेल, तार तुटली असेल, कंट्रोलर गोठला असेल किंवा इंटरप्ट हरवला असेल. एकट्या टाइमआउटवरून निष्कर्ष काढू नये. त्याच्या पुढे-मागे काय आहे, किती डिस्कवर आहे आणि कोणत्या कामाच्या वेळी आहे हे जुळवून पाहावे. एकाच सेकंदात चार डिस्क गप्प झाल्या तर चारही डिस्क एकदम मेल्या असे मानण्यापेक्षा चौघींत सामाईक काय ते शोधावे: तोच कंट्रोलर, तीच विजेची तार, तोच बॅकप्लेन.

बूट होतानाची एक ओळ फार थोडे लोक वाचतात. ‘साटा लिंक अप’ असे म्हणून तिथे वेग दिलेला असतो आणि कंसात ‘एसस्टेटस १३३’ असा आकडा. मधला ३ म्हणजे ६ गिगाबिट, २ असेल तर ३ गिगाबिट, १ असेल तर दीड. ६ गिगाबिटची डिस्क त्याच क्षमतेच्या पोर्टवर असूनही ११३ दाखवत असेल तर कर्नेलने वारंवार चुका पाहून वेग उतरवला आहे. तसे करताना तो ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड’ अशी नोंदही करतो. संगणक चालतो, फक्त संथ, आणि केबलमधला दोष महिनोन्महिने झाकलेला राहतो.

दुसरी साक्ष डिस्कची स्वतःची. डिस्कच्या आतल्या स्मार्ट या नोंदवहीत ती वाचता येते आणि त्यासाठी ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा संच वापरतात. २००२ साली ब्रूस ॲलन यांनी सुरू केलेला हा संच लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस अशा जवळपास सर्व युनिक्सवंशीय सिस्टिमांवर चालतो. त्यातली ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांची गणती तबकडीच्या प्रकृतीची: बदललेले सेक्टर, प्रतीक्षेतले सेक्टर, न वाचलेले सेक्टर. १९९ ही गणती तारेवरच्या सीआरसी चुकांची. १९९ वाढते आहे आणि बाकी तिन्ही शून्यावर आहेत, अशा डिस्कला हात लावू नये, केबल बदलावी. ही गणती परत शून्यावर येत नाही, म्हणून जुनी चारशेची संख्या पाहून घाबरण्यात अर्थ नाही. आजचा आकडा टिपून ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा. क्रमांक १२ म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली याची मोजणी. संगणक बंद केलेलाच नाही आणि तरी हा आकडा वाढला, तर डिस्कची वीज मध्येच जाते आहे याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

या संचातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे दीर्घ स्वचाचणी. आदेश दिला की डिस्क आपली सगळी तबकडी स्वतःच वाचून काढते. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात. या काळात वाचलेली माहिती केबलवर येतच नाही, सगळे काम डिस्कच्या आत होते. म्हणून ही चाचणी दोन पक्षांना स्वच्छ वेगळे करते. चाचणी मध्येच एखाद्या सेक्टरवर अडकली तर डिस्क आजारी आहे. ती निर्वेध पार पडली आणि तरीही संगणकाला वाचताना त्रुटी येत आहेत, तर दोष डिस्कच्या बाहेर असण्याची शक्यता फार मोठी. मात्र स्मार्टचे कोरे पान म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांच्या चार मुख्य गणत्या शेवटपर्यंत शून्यच होत्या.

या टप्प्यावर हात शिवशिवतात आणि सर्वांत मोठे नुकसान होते ते इथेच. फाइल सिस्टिममध्ये चुका दिसल्या की ‘एफएससीके’ चालवण्याची सवय असते. हा कार्यक्रम डिस्कवरून जे वाचतो ते खरे मानून विसंगती दुरुस्त करतो. कंट्रोलर किंवा मेमरी चुकीचे बाइट पोचवत असेल तर तबकडीवरची चांगली रचना त्याला मोडकी दिसते आणि तो तिची ‘दुरुस्ती’ लिहून टाकतो, तीही त्याच बिघडलेल्या वाटेने. वाचवता आली असती अशी माहिती अशा दुरुस्तीने कायमची जाते. म्हणून जोडणी निर्दोष ठरेपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नये. ‘एफएससीके’ला एन पर्याय दिला तर तो नुसता पाहतो. केवळ-वाचन पद्धतीने माउंट करतानाही ईएक्सटी४ आपली जर्नल पुढे चालवून लिहू शकते. ते टाळायला ‘नोलोड’ हा पर्याय आहे.

डिस्कवर एकमेव प्रत असलेली माहिती असेल तर निदान बाजूला ठेवून आधी नक्कल काढावी, तीही डिस्क दुसऱ्या, भरवशाच्या संगणकाला लावून. त्यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे साधन योग्य. ते सहज वाचता येणारे भाग आधी उचलते, अडणारे मागे ठेवते आणि कुठवर आलो याचा नकाशा फाइलीत लिहीत जाते, त्यामुळे मध्येच थांबले तरी पुढून सुरू करता येते. साधा ‘डीडी’ पहिल्याच खड्ड्यात अडकतो.

मग अदलाबदल. नियम एकच आहे आणि तो घाईत हमखास मोडला जातो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, पोर्ट आणि वीजजोडणी तिन्ही एकदम बदलून त्रास थांबला तर कारण कळतच नाही, आणि जुनी केबल खणात जाऊन पुढच्या संगणकाला लागते. आधी फक्त केबल बदलावी. साटाची आतली जोडणी सुमारे पन्नास वेळा काढ-घाल करण्यापुरतीच बनवलेली असते, आणि खटक्याची पट्टी नसलेल्या जुन्या केबल पंख्याच्या थरथरीनेही सैलावतात. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत संपर्कपट्ट्या लवकर गंजतात. तिथे नुसते काढून पुन्हा बसवल्याने काही दिवस बरे वाटते आणि मग दुखणे परतते. जुन्या पाटा केबलमध्ये ४० पिनांना ८० तारा का असतात हे ठाऊक नसल्यानेही पूर्वी फार घोळ झाले. वाढीव ४० तारा केवळ जमिनीच्या असतात आणि ३३ मेगाबाइटच्या वरच्या वेगाला त्या लागतातच.

केबलनंतर पोर्ट. संशयित डिस्क शेजारच्या पोर्टवर आणि शेजारची चांगली डिस्क संशयिताच्या पोर्टवर लावावी. त्रुटी डिस्कबरोबर गेली तर दोष डिस्कचा, पोर्टपाशीच राहिली तर कंट्रोलरचा. दोन्हीकडे नाहीशी झाली तर सैल जोड होता. विजेचीही अशीच परीक्षा घ्यावी. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे दोन अँपिअरपर्यंत प्रवाह खेचते, आणि एकाच तारेला फाटे फोडून चार डिस्क जोडल्या की सुरुवातीचा झटका कमकुवत पुरवठ्याला पेलत नाही. त्रुटी नेमक्या बूट होताना किंवा झोपलेल्या डिस्क जाग्या होताना येत असतील तर संशय इथेच घ्यावा. काही नव्या व्यावसायिक डिस्कांत विजेच्या कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरली जाते. जुन्या पद्धतीच्या पुरवठ्यातून त्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क फिरतच नाही आणि कंट्रोलर आंधळा झाल्यासारखा वाटतो.

तारा आणि वीज निर्दोष ठरल्यावर कंट्रोलर आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या जागेकडे पाहायचे. ‘नोबडी केअर्ड’ अशी इंटरप्टबद्दलची नोंद असेल तर कर्नेलला आलेला इंटरप्ट कोणी आपला म्हटलेला नाही, आणि तो मार्ग त्याने बंद केला आहे. त्यानंतर त्या मार्गावरच्या डिस्क संथ होतात किंवा गप्प होतात. मार्व्हेलच्या काही साटा चिप मेमरीत माहिती टाकताना स्वतःची ओळख चुकीची देतात. आयओएमएमयू हा पहारेकरी चालू असला की त्यांची वाट अडवली जाते आणि डिस्क सापडत नाही. नव्या कर्नेलमध्ये या खोडीची नोंद आहे, जुन्यात नाही. वीज वाचवण्यासाठी निष्क्रिय जोडणी झोपवण्याची सोयही काही जोड्यांना मानवत नाही. त्रुटी संगणक रिकामा बसलेला असतानाच येत असतील तर ‘लिंक पॉवर मॅनेजमेंट’चे धोरण ‘मॅक्स परफॉर्मन्स’ करून पाहावे. रांगेत अनेक हुकूम लावण्याची एनसीक्यू ही पद्धत बंद करणे, वेग ३ किंवा दीड गिगाबिटवर बांधणे, हे ‘लिबएटीए.फोर्स’ या बूटच्या पर्यायाने करता येते. हे पर्याय दोष शोधण्यासाठी वापरावेत. वेग बांधल्यावर चुका थांबल्या याचा अर्थ तार किंवा पोर्ट कमजोर आहे असा घ्यायचा. तो पर्याय तसाच ठेवून काम चालवणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे.

रेड कार्डांची तऱ्हा वेगळी. ती खऱ्या डिस्क झाकून एकच मोठी डिस्क दाखवतात, म्हणून स्मार्ट वाचताना कार्डाचा प्रकार आणि आतल्या डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो. मेगारेड जातीच्या कार्डांसाठी स्मार्टमॉनटूल्समध्ये तशी सोय आहे. कार्डावरची बॅटरी संपली की बहुतेक कार्डे लिहायची माहिती स्वतःजवळ साठवणे थांबवतात आणि सर्व्हर एकाएकी संथ होतो. त्रुटीची ओळ एकही नसते, म्हणून असा संथपणा दिसला की बॅटरीची स्थिती आधी पाहावी. सॉफ्टवेअर रेडमध्ये निराळाच खटका उडतो. कर्नेल एका हुकमासाठी सहसा ३० सेकंद थांबतो. घरगुती वापराची डिस्क मात्र एकाच खराब सेक्टरवर त्याहून कितीतरी जास्त वेळ झगडू शकते. कर्नेलची मुदत आधी संपते, तो जोडणी रीसेट करतो आणि डिस्क समूहातून बाहेर पडते. दोष कंट्रोलरचा वाटतो, खरे तर दोघांची घड्याळे जुळत नसतात. व्यावसायिक डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानतात. ज्या डिस्कमध्ये ही मर्यादा ठरवता येते तिथे स्मार्टसीटीएलने ती ७० दशांश सेकंदांवर आणावी. जिथे ठरवता येत नाही तिथे कर्नेलची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवावी.

शेवटी उरतो तो सर्वांत घातक प्रकार, ज्यात त्रुटी उमटतच नाही आणि बाइट बदललेले असतात. तारेवरची पडताळणी फक्त तारेपुरती असते. कंट्रोलरच्या बफरमध्ये किंवा मेमरीत बिट उलटला तर तिला कळत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने २००७ साली आपल्या यंत्रांवर अशा मूक बिघाडांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतला मोठा वाटा रेड कंट्रोलर आणि डिस्कच्या फर्मवेअरच्या न पटण्यात सापडला. हे ओळखण्याची परीक्षा साधी आहे. संगणकाच्या मेमरीहून मोठी फाइल घ्यावी, तिची ‘एसएचए२५६’ बेरीज काढावी, साठवलेली पाने रिकामी करून पुन्हा काढावी, असे पाच-दहा वेळा करावे. तबकडीवरची चूक प्रत्येक वाचनात सारखीच राहील किंवा यूएनसी म्हणून बाहेर येईल. बेरीज वाचनागणिक बदलत असेल तर बाइट वाटेत बदलत आहेत. तेव्हा प्रथम मेमटेस्टने मेमरी तपासावी, कारण ती कंट्रोलरपेक्षा जास्त वेळा गुन्हेगार निघते. झेडएफएस वापरणाऱ्यांना हे आयते मिळते. ती प्रत्येक ब्लॉकची बेरीज वेगळी जपते आणि ‘झेडपूल स्टेटस’च्या शेवटच्या रकान्यात न जुळलेल्यांची संख्या दाखवते. तो रकाना अनेक डिस्कांवर एकाच वेळी वाढू लागला तर डिस्क सोडून सामाईक भागाकडे वळावे.

दोषी भाग बदलल्यावर १९९ आणि १२ या गणत्या टिपून घ्याव्यात. पूर्ण डिस्क एकदा अथपासून इतिपर्यंत ‘डेव्ह नल’कडे वाचून काढावी आणि त्या वेळी दुसऱ्या खिडकीत कर्नेलच्या नोंदी उघड्या ठेवाव्यात. जोडणी पूर्ण वेगावर आहे, एकही नवी ओळ उमटलेली नाही आणि गणत्या जागच्या जागी आहेत, हे दिसले की रोखून धरलेला ‘एफएससीके’ आता लिहिण्याच्या परवानगीसह चालवावा, आणि त्यानंतरच फाइल सिस्टिम नेहमीप्रमाणे माउंट करावी.